पुतळीच्या चौकात यायचं तर

मधल्या सुट्टीत मी डबा उघडत होते आणि स्टाफरूममध्ये माझ्या आईचा आवाज आला.

आईने शाळेत यावं असं काही कारण नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आवाज टेबलाच्या पलीकडून येत होता, हिंदी शिकवणाऱ्या मॅडमच्या फोनमधून, आणि तिघीचौघी त्या फोनवर वाकून हसत होत्या.

"ये आपकी मम्मी हैं ना?" एकीने फोन माझ्याकडे वळवला. "क्या बोलती हैं! मजा आ गया."

पडद्यावर खरंच आई होती. ठेवणीतली जांभळी साडी, कपाळावर नेहमीपेक्षा मोठी टिकली, आणि मागे आमच्या बालाघाटचा पुतळीचा चौक. खाली हिंदीत लिहिलं होतं, 'काली पुतली चौक आ रहे हो? नानी के टिप्स सुन लो.'

हा उद्योग माझ्या मुलीचा, हे लगेच कळलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फोनवर जिल्ह्याचे लहान लहान व्हिडिओ करून टाकते. हट्ट्याची बावडी झाली, भरवेलीच्या खाणीकडे जाणारा रस्ता झाला, वैनगंगेचा घाट झाला. कान्हाच्या जंगलाला जाणारी माणसं हल्ली एखादा दिवस बालाघाटात काढतात, त्यांच्या उपयोगाचं काहीतरी करायचं, असं ती म्हणत होती. चौक तेवढा राहिला होता. ज्याला आमच्या गावातलं काहीच माहीत नसतं त्यालाही पुतळीचा चौक माहीत असतो. कोणाच्याही घराचा पत्ता तिथूनच सुरू होतो. पण त्यासाठी ती आपल्या आजीला उभी करेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आई म्हणजे घरातलं सगळ्यात कमी बोलणारं माणूस. खरं तर दुसऱ्या नंबरचं. पहिले बाबा.

नातीने हिंदीत बोलायला सांगितलं असणार, कारण पहिलं वाक्य हिंदी होतं. दुसऱ्या वाक्यापासून आई आपल्या बोलीवर आली. ती गोंदियाकडची, आमगावजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. चाळीसहून जास्त वर्षं बालाघाटात काढूनही तिची भाषा तशीच राहिली आहे.

"पुतळीसंग फोटो काढाचा अशीन तं सकाळी या," आई सांगत होती. "दुपारी ऊन मांगून येते. पुतळी तं हायेच काळी, तुम्हीबी काळेच दिसान."

स्टाफरूम हसली. मीही हसले.

"रस्ता पार करतानी पळू नोका. पळलं का गाडीवाला बिचकते. एका चालीनं चालत राहा, गाड्या बाजूनं निंगून जातेत. आटोत बसाच्या आधी भाव ठरवजा. 'जो बनता है दे देना' असं म्हनला, तं दुसरा आटो पाहा. समोसा उभ्यानं खाजा. ज्या दुकानात बसाले जागा भेटली, तिथचा समोसा कालचा हाये असं समजा."

"नाश्तेवाले इनको ढूँढ़ते हुए आएँगे," कोणीतरी म्हणालं.

"अन् बायाइनं पानी बेतानं प्या," आई पुढे सांगत होती. "चौकात आपल्यासाठी सोय नाई. लयच नड आली तं साडीच्या दुकानात जा. दोन साड्या उलगडून पाहा, मंग दुकानातल्या बाईले हळूच विचारा. थे नाई म्हनत नाई."

आता तर मला आईचा अभिमानच वाटायला लागला होता. इतकं नेमकं आणि इतकं सहज ती कधी बोलली होती? मी फोन हातात घेतला. पडद्यावर आईने पदर सारखा केला.

"अन् एक," ती म्हणाली. आवाज तोच, चेहरा तोच. "एखादी पोरगी घरातून एकटी निंगून आली अशीन, हातात पिशवी, कडेवर लेकरू, अन् कुठं जावं समजत नसन, तं तिनं पुतळीसमोर उभं राहू नये. तिथं समदेच पाहातेत. कापडाच्या दुकानाच्या बाजूनं पायऱ्या हायेत, दुपारची सावली राह्यते, तिथं बसावं. कोनी उठवत नाई. मी बसली होती. माही पोरगी होती मांडीवर. गोंदियाच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. दुकानवालीनं लेकरासाठी दूध आनून देल्लं, पन काहून बसली म्हनून विचारलं नाई. घाई करू नये. आधी लेकराले दूध पाजावं. मंग काय थे ठरवावं."

मग ती हसली, हात जोडले, "आना बालाघाट" म्हणाली, आणि व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. "पुतळीसंग फोटो काढाचा अशीन तं..."

मी फोन परत दिला. कोणीच हसत नव्हतं.

"ये आपकी बात कर रही थीं क्या?" हिंदीच्या मॅडमनी विचारलं.

"नहीं, नहीं," मी म्हणाले. "ऐसे ही, समझाने के लिए बोला होगा."

आईला एकच मुलगी आहे. मी.

घंटा झाली. मी सातवीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर अपूर्णांकांची गणितं लिहायला लागले. तिसरं गणित लिहिल्यावर मागून एक मुलगी म्हणाली, "मैडम, ये तो कल कर लिए." मी डस्टरने फळा पुसला आणि नंतर पुन्हा तीच गणितं लिहिली. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या तेव्हा मी त्यांना पुस्तक वाचत बसायला सांगितलं आणि खुर्चीवर बसले.

माझ्या आईवडिलांच्या घरात कधी आवाज चढला नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत नवऱ्याशी भांडण झालं की त्यांचंच उदाहरण द्यायचे. आमच्या घरी असं नाही, आमच्याकडे कोणी कोणाला उलटून बोलत नाही. बाबा कचेरीतून यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे, पेपर वाचायचे. आई त्यांच्या पानात न मागता वाढायची. मला ती शांतता सुखाची वाटायची. आणि त्याच घरातून माझी आई मला कडेवर घेऊन निघाली होती.

शाळा सुटल्यावर मी गेटबाहेर उभी राहून मुलीला फोन लावला.

"तो व्हिडिओ काढून टाक. आत्ता."

"क्यूँ?" ती म्हणाली. "मम्मी, कितने लोग देख रहे हैं पता है?"

"शेवटी आजी काय बोलली ते तुला कळलं का?"

"समझ में आया ना. मी नानीला विचारलं पण. पूरा दिखाया उनको, दो बार. म्हटलं, नानी, ये लास्ट वाला काट दूँ? तो बोलीं, थेच तं ठेव, बाकीचं काटलं तरी चालते."

आई ओघात बोलून गेली, तिला कळलंच नाही, असं मी दुपारभर स्वतःला समजावत होते. तर तिने स्वतःला पडद्यावर पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि मग टाकायला सांगितलं होतं.

तेवढ्यात रायपूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, हे काय आहे? मला ऑफिसातल्या माणसाने पाठवलं. बाबांनी पाहिलं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी तिकडेच चालले."

आईबाबांच्या घरी जायचा माझा रस्ता चौकातूनच जातो. त्या दिवशी मी स्कूटर कडेला घेतली आणि पायऱ्या शोधल्या. कापडाचं दुकान आता राहिलेलं नाही. त्याचे दोन गाळे झालेत, एकात मोबाइल विकतात आणि दुसऱ्यात एटीएम आहे. पायऱ्यांना चकचकीत दगड बसवलाय. सगळ्यात खालच्या पायरीवर एक माणूस मांडीवर हेल्मेट घेऊन फोनवर बोलत बसला होता. इथून मी रोज जाते. मी या पायऱ्यांवर, आईच्या मांडीवर, एक सबंध दुपार काढली होती आणि मला ते माहीतच नव्हतं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी निघाले.

आई ओसरीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. बाबा घरी नव्हते. निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी बागेत जातात, तिथे त्यांच्या वेळची चार पेन्शनर मंडळी बसतात.

"आई, तू काय बोललीस ते?"

"काय बोलली?"

"शेवटी. पायऱ्यांवर बसायचं."

"थे होय," आई म्हणाली. बोटं तांदळातून फिरतच होती. "खरं तेच बोलली."

"तू घर सोडून निघाली होतीस?"

"निंगाली होती. गेली कुठं? इथंच तं हावो."

"का? बाबांनी मारलं होतं तुला?"

आईने सूप बाजूला ठेवलं. "मारलं असतं तं चार लोकाइले सांगता तरी आलं असतं. तुह्या बाबानं मले कधी बोट नाई लावलं."

"मग?"

"बोलत नव्हते."

मी वाट पाहिली. पुढे काही असेल असं वाटलं. पुढे काही नव्हतं. मग मीच एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. मी दीड वर्षाची होते. पोळ्याच्या सुमाराला बाबांचं बोलणं बंद झालं, दसरा गेला, दिवाळी गेली, तरी ते बोलत नव्हते. घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. काही हवं असलं तर मला सांगायचे. मला, दीड वर्षाच्या पोरीला. "तुझ्या आईले सांग, पाणी तापव म्हणून." आईला मी जेमतेम 'आ' म्हणत होते.

"पण झालं काय होतं?"

आईला ते सांगायची लाज वाटली, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. इतकं छोटं कारण सांगायची लाज. बाबांचे साहेब एकदा घरी आले होते. आई मला झोपवत होती म्हणून बाबांनी स्वतः चहा केला. साहेबांनी चहाची तारीफ केली, वहिनी, चहा छान झालाय म्हणाले, आणि आई हसत म्हणाली, चहा तर यांनीच केला. साहेब मोठ्याने हसले.

"एवढंच?"

"एवढंच. साहेबासमोर कचेरीतल्या बाबूनं चहा केला, असं दिसलं ना. थे त्याइले लागलं. एक दिवस मी पिशवी भरली, चावी शेजारी ठेवली अन् निंगाली."

"मग गाडीत का नाही बसलीस?"

"बसली ना. एकीत चढली होती. कंडक्टरनं विचारलं, कहाँ जाना है. मले गावाचं नावच सांगता आलं नाई. माय मेली होती. भावाची नवी बायको आलती. तिच्या दारात काय म्हनून उभी राहू? तो कंडक्टर परत विचारे, अन् समदे माह्याकडे पाहेत. मी उतरली."

"आणि इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नाहीस?"

"कोनी विचारलं?"

"मग आता का? तेही असं, सगळ्या जगासमोर?"

"पोरीनं विचारलं ना," आई म्हणाली. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटत होतं. "नानी, चौकात येनाऱ्याले काय काय सांगशीन? मले जे माहीत होतं, थे सांगतलं."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बाबा आले होते. रोजच्यापेक्षा लवकर.

त्यांनी चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि समोरच्या खुर्चीवर बसले. आमच्या दोघींकडे न बघता म्हणाले, "पाह्यलं मी. बागेत दाखवलं त्याइनं."

"बाबा," मी घाईघाईने म्हणाले, "मी काढून टाकायला सांगते. ती लहान आहे, तिला कळलं नाही."

बाबांनी हात वर करून मला थांबवलं. "राहू दे." मग बराच वेळ गप्प बसले. बाबांचं गप्प बसणं आम्हाला नवीन नव्हतं. मला वाटलं, झालं, आता हे असंच चालणार, आणि या वयात आईला पुन्हा ते सोसावं लागणार. पण बाबा बोलले.

"तू आधी पायऱ्यांवर नव्हती बसली," ते आईला म्हणाले. "आधी पुतळीसमोर उभी होती. लय वेळ."

आईचा हात सुपाच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला.

"तुम्हाले कसं माहीत?"

"मी होतो तिथं. समोरच्या बाजूनं, घड्याळाच्या दुकानाजवळ. सायकल होती माझ्यासंग."

मी एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मला वाटलं, म्हातारपणामुळे त्यांचा काहीतरी गोंधळ होतोय. पण ते नीट, एकेक शब्द जुळवून बोलत होते. त्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले होते. घराला कुलूप होतं. शेजारणीने चावी दिली आणि सांगितलं की वहिनी पोरीला घेऊन चौकाकडे गेल्या. ते सायकल घेऊन चौकात आले आणि त्यांना आई दिसली.

"किती वेळ होते तिथं?" आईने विचारलं.

"तू उठून घराकडे जाईपर्यंत."

"मी गाडीत चढली, थे पाह्यलं?"

"हौ."

"अन् उतरली थे?"

"हौ."

"अन् आले नाई."

बाबा खाली बघत होते. "पाय उचलला नाही," ते म्हणाले. "रस्ता एवढासा. पण लोक होते. तू काय म्हणशील, मी काय म्हणू. दोन-तीन महिने बोललो नव्हतो, तर सुरू कुठून करू, हेच समजत नव्हतं." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बोट केलं. "हिनं मले पाह्यलं होतं. हिले मी दिसलो. तुझ्या मांडीवरून हात दाखवत होती मले, सारखी."

"मले वाटलं, पुतळीले दाखवते," आई म्हणाली.

मला त्यातलं काही आठवत नाही, आठवणं शक्यही नाही, पण माझा उजवा हात मला एकदम वेगळाच, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटला आणि मी तो मांडीवर दाबून धरला.

आई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती विचारत राहिली. शाळेतल्या तपासणीला आलेले साहेब विचारतात तसं, एकामागून एक.

"त्या दिवशी घरी उशिरा काहून आले? दिवे लागून गेलते."

"तू आधी पोचावी म्हणून. शेजारणीकडे चावी ठेवली होती तशी परत ठेवली, तिले काही बोलू नको म्हणालो, अन् नदीकडे जाऊन बसलो."

"अन् दुसऱ्या दिवशी बोलले माह्याशी."

"हौ."

"काय बोलले, आठवते?"

"भात चांगला झाला म्हणलो."

आई एकदम सरळ बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. "मले वाटलं, भातामुळं बोलले," ती म्हणाली. "आता भात चांगला झाला म्हनून याइचं तोंड उघडलं, असं वाटलं मले. तवापासून मी भाताले जपत आली. मोकळा झाला पाह्यजे, फुटला नाई पाह्यजे. पोरगी तापानं फणफणत होती तवाबी मी भाताजवळून हालली नाई. आजपर्यंत."

हे खरं आहे. आमच्या घरी भात कधी बिघडत नसे. त्याचंही मी लोकांना कौतुक सांगायचे.

"यायला पाहिजे होतं मी," बाबा म्हणाले. "रस्ता ओलांडून. चुकलंच ते माझं."

आईने त्यावर विचार केला. खरंच विचार केला, मान तिरकी करून.

"नाई," ती म्हणाली. "आले असते अन् त्या तोंडानं 'चल घरी' म्हनले असते, तं मी पुढच्या गाडीत बसली असती. तवा कंडक्टरले गावाचं नाव सांगता आलं असतं मले. भावाच्या दारात राह्यली असती, कोनाची भांडी घासली असती, पन आली नसती."

मी उठून बाबांना पाणी आणून दिलं. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. इतकी वर्षं त्यांनी मनाशी एकच गोष्ट धरली असणार, की आपण पलीकडे गेलो असतो तर सगळं नीट झालं असतं. तीही त्या एका वाक्यात गेली.

"पन पाहात उभे राह्यले," आई पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. मी माझ्या आईचा चढलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "मी एकली बसली असं समजत होती मी. थे ठीक होतं. एकली होती, एकलीनं ठरवलं, एकली परत आली. अन् तुम्ही समोर उभे राहून पाहात होते! तमाशा हाये काय? हे मले आज समजून राह्यलं. म्हनून राग आजचा हाये. जुना नाई."

बाबा म्हणाले, "हौ."

मी रात्रीच्या जेवणाआधी घरी परतले. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना. मी नुसतं म्हणाले, आईबाबांचं भांडण झालं. तो हसायलाच लागला. तुझ्या आईबाबांचं? भांडण? मग माझा चेहरा पाहून गप्प झाला. जरा वेळाने त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी त्याला ही गोष्ट आधी बाबांची बाजू घेऊन सांगतेय, आणि अर्ध्यापासून आईची बाजू घेऊन. दोन्हींत मला धड उभं राहता येत नव्हतं.

व्हिडिओ राहिला. त्याखाली लोकांनी बरंच लिहिलं. बहुतेकांना समोशाच्या दुकानाचं नाव हवं होतं. काहींनी विचारलं, पायऱ्या कोणत्या बाजूला. भाजीबाजारात एका अनोळखी बाईने आईचा हात हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि काही न बोलता निघून गेली, हे आईने मला सांगितलं. ती कोण होती हे विचारायचं राहून गेलं, याचं आईला वाईट वाटलं.

आणि घरात बोलणं सुरू झालं. त्याला भांडण म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी शाळेतून जाताना भाजी द्यायला थांबते, तर फाटकापासूनच आईचा आवाज येतो. ती त्या दुपारपाशी पुन्हा पुन्हा येते. घड्याळाच्या दुकानासमोर उभे होते की आडोशाला? ओळखीचं कोणी भेटलं का? भेटलं तर त्याला काय सांगितलं? दूध आणून देणारी बाई दिसली का, ती कशी दिसायची, कारण आईला आता तिचा चेहरा आठवत नाही. बाबा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतात. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणतात. मग ती त्या दुपारच्या पुढे येते. माझ्या भावाच्या बारशाला तिच्या माहेरच्यांना पाठीमागच्या पंगतीत का बसवलं? ती आजारी होती तेव्हा डॉक्टरला काय सांगितलं? एकेक वर्ष बाहेर निघतंय, आणि त्यातलं जवळजवळ काहीच मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात वाढले.

एका दुपारी मी फाटकाशी असताना बाबांचा आवाज आला. इतका मोठा, की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली.

"अवं, भेकड होतो मी! झालं?"

"हौ," आतून आई म्हणाली. "झालं. आता पुढचं सांगा."

मी भाजीची पिशवी फाटकाला अडकवली आणि आत न जाताच परत फिरले.

त्या आठवड्यात भावाने पुन्हा फोन केला. त्याला काळजी वाटत होती. आईला काही दिवस रायपूरला पाठव, तो म्हणाला, दोघांना जरा वेगळं राहू दे, या वयात इतकं डोक्याला बरं नाही. मलाही ते पटलं. मी आईकडे गेले. ती नळाखाली पालक धूत होती. मी म्हटलं, भाऊ बोलावतोय, चार दिवस जाऊन ये, तेवढंच तुला शांत वाटेल.

आई पालकाची जुडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी काय म्हणतेय तेच तिला कळेना.

"काहून?" ती म्हणाली. "आता तं बोलून राह्यले."